दादाची बोटं आणि मेक्सिकोचा सॅलमँडर

मागच्या महिन्यात माझ्या मावसभावाने एक रील पाठवलं. गुलाबी पाण्यातला प्राणी, एक पाय तुटलेला, आणि फास्ट फॉरवर्डमध्ये तिथे नवा पाय फुटतोय. खाली मेसेज, "अरे इंजिनियर, हे खरंय का?"

दादाची दोन बोटं तीन वर्षांपूर्वी प्रेस मशीनमध्ये गेली. त्यामुळे नुसता थम्ब्स अप टाकून मला सुटता येईना. बायोलॉजी मी दहावीनंतर सोडलेली, तरी दोन वीकेंड बसून वाचलं.

तर रील खरं आहे. तो ॲक्सोलॉटल, सॅलमँडरचा एक प्रकार, मूळचा मेक्सिको सिटीतल्या सोचिमिल्कोचा. तिथे आता तो जवळपास संपत आलाय. लॅबमध्ये मात्र भरपूर आहेत.

मला वाटलेलं, उसाला खोडवा फुटतो तसं कापलेल्या हाडातूनच पुढचं हाड फुटत असेल. तसं नाहीये! आधी जखमेवर कातडीचा पातळ थर चढतो. मग हाड खाणाऱ्या पेशी येतात आणि कापलेलं टोक चक्क कुरतडून टाकतात. म्हणजे बांधायच्या आधी पाडापाडी. ती औषधाने थांबवली, तर नवं हाड जुन्याला नीट जुळत नाही. (तशीही जोडणी कधीकधी वाकडी होतेच. रीलमध्ये हे दाखवत नाहीत.)

मग खरे कामगार येतात: कातडीतल्या आणि हाडाभोवतीच्या जोड-ऊतीच्या पेशी. त्या आपलं मोठेपण विसरून गर्भातल्या पेशींसारख्या होतात, टोकाशी कोंबासारखा गोळा करतात आणि त्यातून आधी कूर्चा, मग हाड बनतं. आमच्या भाषेत, पॅच नाही, फॅक्टरी रिसेट. पण अर्धवट रिसेट हां. 2009 मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी पेशींना चमकणारा रंग देऊन दाखवलं की स्नायूच्या पेशी स्नायूच बनवतात, हाड नाही. आणि जुन्या हाडाच्या आतल्या पेशींचा नव्या हाडात वाटा जवळपास नाहीच.

सगळ्यात डोकं फिरवणारी गोष्ट पुढे आहे. याच प्राण्याच्या पायाच्या हाडातून मधलाच मोठा तुकडा काढला आणि पाय तसाच ठेवला, तर ती फट भरत नाही! अख्खा पाय कापा, येतो. मधलं हाड काढा, नाही येत. कारण तो कोंब तयार व्हायला उघडी जखम, तिच्यावरचं ते खास कातडं आणि तिथवर पोचणाऱ्या नसा, सगळं लागतं.

रविवारी दादाला फोन केला. म्हटलं, माणसातही थोडं आहे हे. लहान मुलांचं बोटाचं टोक तुटलं आणि नखाचं मूळ शाबूत असेल, तर बऱ्याचदा ते परत भरतं.

"माझं तर मधल्या सांध्यापासून गेलंय."

"हो रे. तिथून नाही येत. आपल्याकडे जखम भरते, व्रण धरतो, काम संपलं."

थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "डॉक्टर पण हेच म्हणालेले. पण का ते कुणी सांगितलं नव्हतं."

पुढच्या एपिसोडला दादाच येतोय, प्रेस मशीनवर हात कसा अडकतो ते सांगायला. भेटू!