पातेगळ : कपाशीच्या देठातील विकरे



आपल्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात पैठणपासून सिल्लोडपर्यंत भाद्रपदाच्या सुमारास एक तक्रार हमखास ऐकू येते : कपाशीची पाती गळाली. पहिला संशय बोंडअळीवर जातो आणि फवारणीचा पंप पाठीवर चढतो. हा संशय पुष्कळदा चुकीचा ठरतो.

ज्या झाडाचा धागा म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोज, तेच झाड स्वतःच्या देठातील सेल्युलोज तोडते, हे नवलच. देठाच्या बुडाशी पेशींचा एक पातळ थर असतो. पाते जोमात असेतो त्याच्याकडून ऑक्झिन हे संप्रेरक देठात उतरत राहते व हा थर स्वस्थ असतो. पावसाने ओढ दिली, मुळांशी पाणी साचले किंवा आभाळ फार दिवस झाकोळून राहिले, की ऑक्झिनचा ओघ आटतो, इथिलीन वायू वाढतो. मग याच थरातील पेशी सेल्युलेज आणि पेक्टिन विरघळविणारी विकरे निर्माण करतात. पेशीभित्तिका सैल होऊन पेशी एकमेकींपासून सुटतात व पाते आपल्याच भाराने खाली येते. देठगळीशी सेल्युलेजचा असलेला संबंध हॉर्टन व ऑस्बोर्न यांनी १९६७ मध्ये घेवड्यावर दाखवून दिला.

म्हणून गळालेले पाते आधी उचलून पाहावे. त्यावर छिद्र वा विष्ठा नसेल, तर कीटकनाशकावरील खर्च बहुधा व्यर्थच. साचलेले पाणी चर काढून घालवावे. पावसाची ओढ असल्यास शक्य तेथे एखादे संरक्षित पाणी द्यावे. नॅप्थॅलीन ॲसेटिक ॲसिड हे ऑक्झिनच्याच जातीचे संजीवक येथे उपयोगी पडते. मात्र प्रमाण कृषी विद्यापीठाच्या शिफारशीचेच हवे. मात्रा वाढविल्यास इथिलीन वाढून गळ अधिकच होते.