गाडी दारात, किल्ली खुंटीला

(सावित्रीमाईंच्या जयंतीनिमित्त मुलींच्या एका वसतिगृहात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आयोजकांनी मला विषय दिला होता 'स्त्रीशिक्षण आणि आजची आव्हानं'. मी म्हटलं, मी आरोग्यसेविका आहे, प्राध्यापक नाही, मला मोटारसायकलवर बोलू द्या. ते हसले, पण हो म्हणाले. तर मी आज मोटारसायकलवरच बोलणार आहे. स्कूटीवर नाही, गियरच्या गाडीवर. का, ते पुढं येईल.

इथल्या बहुतेक जणी घरातल्या पहिल्या पदवीधर आहात, नाहीतर होणार आहात. काही आदिलाबादच्या आहेत, काही बालाघाटच्या, काही बिदरकडच्या. हात वर करा बघू, कुणाकुणाच्या घरी मोटारसायकल आहे? निम्म्याहून जास्त हात आहेत. आता ज्यांना ती चालवता येते त्यांनीच वर ठेवा. चार.

म्हणजे गाडी नाही म्हणून येत नाही, असं नाही. गाडी दारात उभी आहे आणि किल्ली खुंटीला. दादा नेतो, बाबा नेतात, चुलतभाऊ मागून नेतो. आपण मागितली की उत्तर काय येतं? आमच्या घरी आलं, "पडशील. लग्न व्हायचंय अजून." आणखी एक उत्तर असतं, जरा गोड: "नोकरी लागू दे, मग तुला स्कूटी घेऊन देऊ." मला विचाराल तर हे दुसरं उत्तर जास्त महागात पडतं. कारण गाडीची गरज नोकरी लागायच्या आधीच असते. क्लासला जायचं असतं, परीक्षा केंद्र साठ किलोमीटरवर आलेलं असतं, कागदपत्रं तपासायला सकाळी दहाला बोलावलेलं असतं. आणि त्या दिवशी दादाला काम निघतं.

कुणी म्हणेल, बस आहे की. आहे. मार्च २०२३ पासून महाराष्ट्रात एसटीचं तिकीट बायांना अर्धं झालं. त्याच वर्षी कर्नाटकात आणि तेलंगणात सरकारी बसचा प्रवास बायांना मोफत झाला. तमिळनाडूत तर साध्या बसला २०२१ पासूनच आहे. या योजनांना नावं ठेवणाऱ्यांशी मी भांडते. पण तिकीट अर्धं झालं म्हणून बस वस्तीपर्यंत येत नाही. ती फाट्यावर थांबते. आणि आपली वस्ती कुठं असते, ते तुम्हाला मी सांगायला नको. गावाच्या त्या टोकाला, नाल्याच्या पलीकडं. फाट्यापासून पायी यायचं तर गावाची मधली गल्ली ओलांडावी लागते, आणि संध्याकाळची शेवटची बस आली तोवर अंधार पडलेला असतो. मग घरचे म्हणतात, कॉलेज पुरे. किती मुलींचं शिक्षण त्या तीन किलोमीटरनं संपलं असेल, याचा हिशेब कुणी ठेवला असेल असं मला वाटत नाही. बिहारमध्ये २००६ साली नववीच्या मुलींना सायकलसाठी पैसे द्यायला सुरुवात झाली. पुढं अभ्यासकांनी पाहिलं तेव्हा माध्यमिक शाळेत योग्य वयाच्या मुलींचं प्रमाण सुमारे ३२ टक्क्यांनी वाढलेलं दिसलं. मुली त्याच, रस्ताही तोच. मध्ये फक्त सायकल आली.

आता गाडी आणि जात. बाबासाहेबांचं 'वेटिंग फॉर अ व्हिसा' तुम्ही वाचलं असेल, नसेल तर आजच वाचा, पातळ पुस्तक आहे. त्यात १९०१ सालची गोष्ट आहे. भीमराव नऊ-दहा वर्षांचे, सोबत भाऊ आणि भाचे. मसूर स्टेशनवर उतरले आणि वडिलांकडं जायला बैलगाडी मिळेना. जात कळल्यावर एक गाडीवाला तयार झाला, पण दुप्पट भाडं घेऊन, आणि गाडी मुलांनीच हाकायची या अटीवर. तो शेजारून पायी चालणार. दुसरी गोष्ट चाळीसगावची, १९२९ सालची. आता ते बॅरिस्टर आहेत, सरकारी समितीचे सदस्य आहेत. तरी टांगेवाला त्यांना घेऊन बसायला तयार नाही. शेवटी टांगा मिळाला, टांगेवाला नाही. आपल्याच एका माणसानं लगाम धरला, ज्यानं कधी टांगा हाकला नव्हता. नदीवरच्या मोरीवर टांगा कलंडला, घोडा खाली नदीत गेला, बाबासाहेब दगडी फरशीवर आपटले आणि त्यांचा पाय मोडला.

या दोन गोष्टी अपमानाच्या म्हणून आपण वाचतो, आणि त्या आहेतच. मी मात्र गाडी चालवायला लागल्यापासून त्या आणखी एका अंगानं वाचते. दोन्ही वेळा कासरा आणि लगाम आपल्याच हातात आला, पण तो नाइलाजानं आला, शिकवल्याशिवाय आला. वाहन हाकणं हे कसब आहे. ते कुणाला शिकू द्यायचं आणि कुणाला नाही, हेही जातच ठरवत होती.

आणि ते संपलेलं नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये तमिळनाडूच्या शिवगंगा जिल्ह्यात एका दलित विद्यार्थ्याच्या हातांवर कोयत्यानं वार झाले. तो बुलेट चालवत होता, हे डोळ्यांत खुपलं. अशा घटना इतक्या नेहमीच्या आहेत की कायद्याला त्यांचं नाव घ्यावं लागलं. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात झालेली दुरुस्ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली. तिच्यातलं कलम ३(१)(झेडए)(बी) काढून बघा. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला सार्वजनिक ठिकाणी सायकल किंवा मोटारसायकल चालवण्यापासून, पायात वहाण किंवा अंगावर नवे कपडे घालण्यापासून अडवणं हा गुन्हा आहे, असं त्यात लिहिलंय. मोटारसायकल हा शब्द थेट कायद्यात आहे. स्पर्धा परीक्षेला बसणाऱ्यांनी तो पाठ करावाच, बाकीच्यांनी फोनमध्ये ठेवावा. आणि ठाण्यात कुणी म्हणालं, आधी चौकशी करतो मग गुन्हा नोंदवतो, तर सांगा की कलम १८-ए प्रमाणं गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही.

पण हे कलम गावासाठी आहे. घरासाठी तसं कलम नाही. माझं खरं म्हणणं इथं आहे, आणि मागं जे बाबा लोक आणि भाऊ बसलेत त्यांनीही ते ऐकावं. गावानं आपल्याला गाडीवरून उतरवलं, तर आपण मोर्चा काढतो. काढायलाच पाहिजे. मग आपल्याच घरातल्या मुलीचा हात किल्लीकडं गेला की आपण कोणत्या तोंडानं म्हणतो, हे बायकांचं काम नाही?

हुंड्याचंच बघा. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा. तरी आपल्यातही लग्नात जावयाला गाडी द्यायची रीत शिरली आहे, 'भेट' म्हणून. मुलीचा बाप सोसायटीचं कर्ज काढतो, गाडी येते, तिला हार घालतात, आरसी बुकावर जावयाचं नाव चढतं. आणि जिच्या बापाच्या पैशाची ती गाडी आहे, ती मागं आडवी बसते. एका हातात पिशवी, एका हातात लेकरू, धरायला काही नाही. माझं साधं म्हणणं आहे, ती गाडी लग्नाच्या पाच वर्षं आधी मुलीच्या नावावर घ्या. ते पैसे फिटतील.

आता स्कूटी की गियरची गाडी. तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्याची गोष्ट सांगते. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथं साक्षरता मोहीम चालली होती, तेव्हाच्या कलेक्टर शीला राणी चुंकत यांनी सायकल शिकणं त्या मोहिमेचा भागच करून टाकलं. खाणीत खडी फोडणाऱ्या, शेतमजुरी करणाऱ्या, अंगणवाडीतल्या, गावोगाव फिरणाऱ्या नर्स, अशा बाया शिकल्या. लाखाच्या वर. पत्रकार पी. साईनाथ यांनी यावर लिहिलंय. त्यातली मला आवडलेली गोष्ट अशी, की लेडीज सायकलींचा तुटवडा पडला तेव्हा बायांनी सरळ जेन्ट्स सायकली घेतल्या. काहींना तर तीच बरी वाटली, कारण पुढच्या दांड्यावर लेकरू बसवता येतं. आपली गाडी यायची वाट त्या बघत बसल्या नाहीत.

म्हणून गियरची. आपल्या घरात जी गाडी आहे ती गियरची आहे, एवढं एकच कारण पुरेसं आहे. शिवाय गियरच्या लायसन्सवर स्कूटीही चालवता येते, बिनगियरच्या लायसन्सवर मोटारसायकल चालत नाही.

बुलेटवर लडाखला जाणाऱ्या मुलींचे फोटो तुम्ही बघता. मीही बघते, छान वाटतं. पुण्यात २०११ साली सुरू झालेल्या 'बायकर्नी'सारख्या गटांनी बाईला मोटारसायकलवर बघायची सवय लावली. २०१८ च्या प्रजासत्ताक दिनी सीमा सुरक्षा दलाच्या 'सीमा भवानी' पथकातल्या बाया राजपथावर कसरती करत गेल्या तेव्हा मी टीव्हीसमोर टाळ्या वाजवल्या. पण हेल्मेट, जॅकेट, पेट्रोल आणि आठ दिवसांची सुट्टी हे सगळं एकदम असणाऱ्या बाया आपल्यात थोड्या आहेत. आपल्याकडं सत्कार करायचा तर पावसाळ्यात चिखलातून मोपेड काढणाऱ्या आशाताईचा करा.

माझं म्हणाल तर मी क्रांती म्हणून शिकले नाही. माझ्या उपकेंद्राला पाच गावं. लसीकरणाच्या दिवशी लसीचा डबा घेऊन नऊच्या आत पोचायचं. आठ महिने धाकटा भाऊ सोडायला यायचा. म्हणजे माझी नोकरी त्याच्या झोपेवर चालायची. शेवटी त्यालाच कंटाळा आला आणि त्यानं बाबांच्या जुन्या स्प्लेंडरवर मला शिकवलं. त्यालाही क्रांती करायची नव्हती, त्याला सकाळी झोपायचं होतं. पंधरा दिवसांत मी एकटी रस्त्यावर आले. पहिल्या आठवड्यात पानटपरीवरून आवाज आला, "आता यांच्या बायाही गाड्या उडवायला लागल्या." त्यातला 'यांच्या' हा शब्द तुम्हाला कळला असेल. मी थांबले नाही. पुढं त्याच टपरीवाल्याच्या सुनेला तिसऱ्या दिवशी ताप आला, तेव्हा त्यानं फोन मलाच केला, आणि मी गेले, कारण ते माझं काम आहे.

बाबा अजून म्हणतात, सावकाश जा. पण पेट्रोल आता ते भरून ठेवतात.

भीतीचं थोडं बोलू. उंची कमी आहे, गाडी जड आहे, असं सगळ्या म्हणतात. स्प्लेंडर ११२ किलोच्या आसपास आहे. ती उचलायची नसते, तोलायची असते. मेन स्टँडला लावताना हातानं ओढू नका, स्टँडच्या पट्टीवर उजवा पाय ठेवून अंगाचं वजन टाका, गाडी आपोआप चढते. थांबताना दोन्ही पाय टेकायची गरज नाही, डावा टेकला तरी पुरे. पहिले दोन दिवस फक्त क्लच शिका, सोडताना अगदी हळू. गाडी बंद पडेल, वीस वेळा पडेल. मुलांचीही पडते, ते सांगत नाहीत. ओढणी आणि पदर मात्र खरंच घात करतात, चेनमध्ये किंवा चाकात गेले की मान ओढली जाते. म्हणून ओढणी नकोच, आणि साडी असेल तर पदर खोचून. हेल्मेट शिकतानाही डोक्यावर पाहिजे.

आणि लायसन्स. वयाची १८ वर्षं पूर्ण झाली की गियरच्या गाडीचं काढता येतं. आधी लर्निंग. ते सहा महिने चालतं, आणि ३० दिवसांनंतर पक्क्या लायसन्ससाठी चाचणी देता येते. अर्ज भरताना 'विथ गियर' निवडा. एजंट किंवा भाऊ घाईघाईत 'विदाउट गियर' करून टाकतात, मुलगी आहे म्हणून. तो रकाना स्वतः भरा.

वॉर्डन मॅडमशी माझं बोलणं झालंय. उद्या सकाळी साडेसहाला मागच्या मैदानावर मी माझी गाडी आणतेय, आणि माझी एक सहकारी तिची आणणार आहे. एका वेळी एकीलाच बसवणार, म्हणून आज रात्रीच नावं लिहून द्या. पायात बूट पाहिजेत, चप्पल चालणार नाही. मघाशी ज्या चौघींचे हात वर राहिले होते, त्यांनी सहालाच या. शिकवायला माणसं कमी आहेत.

जय भीम.