रक्तदाब मोजताना



वाढलेला रक्तदाब बहुधा दुखत-खुपत नाही. तो मोजूनच कळतो. मात्र एकाच मोजणीवर विसंबू नये. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतही १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांचा रक्तदाब तीन-तीनदा मोजला गेला.

स्वयंपाकघरातून धावत आलेल्या सुनेच्या दंडाला लगेच पट्टा बांधला, तर आकडा खरा येत नाही. पाच मिनिटे पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून तिला शांत बसू द्यावे. दंड हृदयाच्या पातळीत असावा. अरुंद पट्टा आकडा फुगवितो.

गरोदरपणी वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० झाला, तर त्याच दिवशी डॉक्टरांस दाखवावे. हयगय मायलेकरांच्या जिवावर बेतते. वडीलधाऱ्यांस एवढीच विनंती, की तिला ती पाच मिनिटे द्यावीत.