संहितेचे साल आणि माणसाचे मोल



भिंत किती जाड असावी, खांबात सळया किती असाव्यात, हा तंत्रज्ञांचा विषय आहे, अशी सार्वत्रिक समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. समाजाने कोणता धोका गृहीत धरावयाचा आणि त्यापासून बचावाचा खर्च कोणी सोसावयाचा, हा बांधकाम-संहितेच्या मुळाशी असलेला प्रश्न अर्थकारणाचा आणि म्हणूनच राजकारणाचा आहे.

भूकंपविषयक भारतीय संहिता, आयएस १८९३, हिचा इतिहास या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. ती १९६२ साली प्रथम निघाली व १९६६ साली सुधारली गेली. तिच्या नकाशात देशाचे शून्य ते सहा असे विभाग होते. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेचा भूकंप झाला. सुमारे १८० माणसे दगावली. १९७० च्या आवृत्तीत 'शून्य' विभागच रद्द झाला आणि कोयना परिसर चौथ्या विभागात गेला. १९७५ व १९८४ साली पुन्हा सुधारणा झाल्या. पण किल्लारीचा परिसर सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागातच राहिला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तेथे जवळजवळ दहा हजार माणसे गाडली गेली. २००२ च्या आवृत्तीत पहिला विभाग नाहीसा झाला, किल्लारी तिसऱ्यात आली. २०१६ साली आणखी एक सुधारणा झाली.

शास्त्र अनुभवाने शिकते, हे मान्यच केले पाहिजे. परंतु त्या शिकण्याची किंमत कोणी मोजली? दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचे जड माळवद, अशा घरांत झोपलेल्यांनी. नकाशा अचूक असता, तरी ती घरे वाचली असती असे नाही. संहिता इंग्रजीत आणि गवंडी मराठीत, अशी ही फारकत होती. मातीच्या घरांसाठी व कच्च्या दगडी बांधकामासाठी स्वतंत्र मार्गदर्शक मानके निघाली तीही १९९३ सालीच.

केवळ सुधारित संहितेनेही भागत नाही. २६ जानेवारी २००१ च्या कच्छ भूकंपात दूरच्या अहमदाबादेत बहुमजली इमारती कोसळल्या. संहिता होती, अंमल नव्हता. मानक हे मुळात ऐच्छिक असते. कायद्याने वा बांधकाम-नियमांनी त्याचा हवाला दिला की ते बंधनकारक होते. नवी आवृत्ती आली की खर्च बांधणाऱ्यावर आज पडतो, लाभ मात्र उद्याच्या अनोळखी रहिवाशाला होतो. म्हणून बाजारपेठ सुधारणेची मागणी कधीच करीत नाही. ती लोकांनीच करावी लागते.

मानकाच्या क्रमांकापुढे त्याच्या आवृत्तीचे साल छापलेले असते. मधल्या काळातील दुरुस्त्या स्वतंत्र पत्रकांनी निघतात. दर पाच वर्षांनी फेरतपासणी होऊन मानक कायम ठेवावे, सुधारावे की रद्द करावे हे ठरते. हा हिशेब गुप्त नाही. भारतीय मानके आता विनामूल्य पाहावयास मिळतात. तेव्हा गावात शाळा किंवा घरकुले उभी राहत असतील, तर कार्यकर्त्यांनी अंदाजपत्रक मागून घ्यावे आणि एक साधा प्रश्न विचारावा : यातील मानक कोणत्या सालचे आहे, आणि त्यानंतरच्या दुरुस्त्या धरल्या आहेत काय?

संहितेतील प्रत्येक नव्या सालामागे कोणाची तरी पडलेली घरे आहेत. ते साल कागदावरच राहू देणे, ही त्या मृतांची दुसऱ्यांदा केलेली उपेक्षा ठरेल.