कव्हर, काच आणि आईचा आवाज

२०१९ साली मी अँड्रॉइड सोडून आयफोन घेतला. वापरायला सुटसुटीत, नवी आवृत्ती वर्षानुवर्षं मिळते, तक्रार नाही. पण व्हॉट्सअॅपवरचं संभाषण अँड्रॉइडवरून आयफोनवर नेण्याची अधिकृत सोय तेव्हा नव्हती. ती २०२२मध्ये आली. आईनं धाडलेले आवाजी निरोप जुन्या फोनमध्येच राहिले. ‘अरे, जेवलास का?’ एवढेच बहुतेक. आई २०२०मध्ये गेली.

त्या जुन्या फोनला मी हौसेनं पाकिटासारखं चामडी कव्हर घेतलं होतं. (सौ. नको म्हणाली होती.) एकदा तो पायरीवर आपटला, कव्हर उघडलं आणि काच तडकली. भाचीचा फोन मात्र जिन्यावरून पडूनही धड! तिचं कव्हर साधं, मऊ, पण कडा काचेपेक्षा किंचित उंच. कोपऱ्याला बसणारा धक्का मऊ कव्हर पचवतं आणि फोन पालथा पडला तरी उंच कडेमुळे काच सपाट फरशीला टेकत नाही.

आई गेल्यावर भाचीनंच तो तडकलेला फोन केबलनं संगणकाला जोडला. अँड्रॉइडमध्ये हे निरोप फोल्डरमध्ये सुट्या फायली म्हणून सापडतात. आयफोनमध्ये ते असे उघड दिसत नाहीत. दोनशे अकरा निरोप निघाले.

त्या फोनलाही आता उंच कडेचं कव्हर घातलंय. कपाटाबाहेर तो निघत नाही, तरीही.