ओळंबा आणि पाटी
(विद्यार्थी गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



पारितोषिके वाटण्याचा मान मंडळाने आम्हांस दिला, त्याबद्दल आम्ही ऋणी आहो. ज्यांनी गुण मिळविले त्यांचे कौतुक टाळ्यांनी झालेच आहे. आम्ही मात्र आज गुणांविषयी न बोलता एका वर्गाविषयी बोलावयाचे योजिले आहे.

गेल्या हिवाळ्यात एका खेड्यातील प्राथमिक शाळेत चौथीच्या वर्गात दोन दिवस बसण्याचा योग आला. दाराच्या चौकटीतील खिळ्याला एक ओळंबा टांगलेला होता. तो एका मुलाने घरून आणिला होता आणि तो मुलगा आपल्याच ज्ञातीचा होता. गवंड्याप्रमाणे सुतारालाही चौकट उभी करताना ओळंबा लागतो, हे या सभेत सांगणे नलगे. परंतु या मुलाची तक्रार अशी होती की, उंच ठिकाणी दोरा लांब सोडला म्हणजे ओळंबा फार सावकाश झुलतो आणि आजोबांना ताटकळावे लागते. असे का, हा त्याचा प्रश्न. बाईंनी उत्तर न देता तोच प्रश्न फळ्यावर लिहिला.

दोरा एक मीटर ठेवून दहा झोके मोजावयाचे ठरले. ओळंबा जाऊन परत आला की एक झोका. पहिल्या खेपेस अठरा सेकंद भरले, दुसऱ्या गटाचे वीस. भांडण जुंपले! अखेर एका मुलीच्या ध्यानात आले की, पहिला गट ओळंबा सोडतानाच ‘एक’ म्हणत होता, म्हणजे झोके नऊच झाले होते. सोडताना ‘शून्य’ म्हणावयाचे, असा नियम मुलांनीच केला. शून्याचा उपयोग इतक्या स्वच्छपणे पटविलेला आम्ही आमच्या उभ्या शालेय आयुष्यात पाहिला नव्हता.

मग ओळंबा काढून तेवढ्याच दोऱ्याला लोखंडी नट बांधला. तो हलका, म्हणून लवकर परतेल, असे बहुतेकांचे मत होते. वेळ तोच, वीस सेकंद. पुन्हा ओळंबा बांधून दोरा निम्मा केला. आता दहा सेकंद लागणार याविषयी कोणालाच शंका नव्हती. भरले चौदा. मुलांनी दोरा पुन्हा मोजला, घड्याळावर संशय घेतला, मोजणाऱ्या मुलालाही बदलले, तरी चौदाच. आमच्याने राहवेना. उत्तर ओठांवर आले होते. बाईंनी नजरेनेच आम्हांस गप्प केले. दुसऱ्या दिवशी मुलांनी दोरा थोडा थोडा आखूड करीत नेला, आणि दहा सेकंद मिळाले तेव्हा तो पंचवीस सेंटिमीटर होता. निम्म्या वेळाला दोरा निम्मा नव्हे, तर चौथाई लागतो, हे त्यांना कोणी सांगितले नाही.

हे ऐकून आपल्यापैकी कित्येकांच्या मनात जो प्रश्न उभा राहिला असेल तो आम्ही ओळखतो, कारण तो आमच्याही घरात विचारला गेला आहे. रंधा-करवत सुटावी म्हणून तर मुले शाळेत घातली. आता शाळाच पुन्हा हत्यारे हाती देणार काय? ही शंका हसण्यावारी नेण्याजोगी नाही. १९३७ साली वर्धा येथे महात्माजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला, तेव्हापासून ती विचारली जात आहे. १९५३ साली मद्रास राज्यात राजाजींच्या सरकारने ग्रामीण प्राथमिक शाळा अर्ध्या वेळेची करून उरलेल्या वेळात मुलांनी घरचा धंदा शिकावा अशी योजना आणिली. न्हाव्याच्या मुलाने न्हावीच व्हावे काय, असे म्हणून लोक खवळले, आणि १९५४ साली कामराजांनी ती रद्द केली. लोक खवळले ते योग्यच झाले, असे आमचे स्पष्ट मत आहे.

परंतु त्या वर्गात घडले ते याच्या अगदी उलट होते. ओळंबा सुताराच्या मुलाने आणिला खरा, पण झोके मोजले सर्वांनी. आणि कोणालाही चौकट करावयास शिकविली नाही. धंदा मुलाचा हात एका कामाला बांधतो. प्रश्न त्याला कोठे नेईल याचा नेम नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे व पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी शिंपले, बिया, पाने, खडे यांनाच शिक्षणाची साधने केले. ती मुले पाने गोळा करणारी व्हावीत, असा काही त्यांचा हेतू नव्हता. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, कुंभार, माळी यांच्यासारख्या कारागिरांपाशी शिकावे असे म्हटले आहे. तेथे आपल्याकडे येणारी मुले सर्व ज्ञातींची असतील, एवढे पाहणे आपले काम.

आता थोडे कटु बोलतो, क्षमा असावी. त्या मुलाने ओळंबा दप्तरात तळाशी, फडक्यात गुंडाळून आणिला होता. बाईंनी मागितला तेव्हा त्याने प्रथम इकडेतिकडे पाहिले. ही लाज त्याला कोणी शिकविली? शाळेने शिकविली असेल. परंतु लग्नपत्रिकेवर ‘फर्निचरचे व्यापारी’ एवढेच छापणाऱ्या आपल्या घरांचाही तीत वाटा आहे.

म्हणून मंडळापुढे एक सूचना ठेवितो. टक्केवारीची पारितोषिके चालू राहोत. त्यांबरोबरच दरवर्षी एका प्राथमिक शाळेला, ती आपल्या वस्तीतील असो वा नसो, एक पेटी द्यावी: ओळंबा, गुण्या, पाणसळ, मोजपट्टी, दोरा, काही खिळे आणि नट. सोबत उत्तरांचे पुस्तक देऊ नये. चिटणीसांकडे आम्ही तसा ठराव लेखी दिला आहे. पहिल्या पेटीसाठी आमच्या वडिलांचा ओळंबा आम्ही आज बरोबर आणिला आहे. त्याचा दोरा मात्र कुजला आहे, तो नवा घालावा लागेल.