मूळव्याध म्हणून सोडून देऊ नका
(रौप्यमहोत्सवी वर्षातील आरोग्य कार्यक्रमात केलेले भाषण)



मी डॉक्टर नाही, सगळी नोकरी बँकेत झाली. पण आजचा विषय आपल्या वार्षिक सभेत कधी निघत नाही. पार्किंग आणि पाण्यावर आपण तासन्‌तास बोलतो. शौचावाटे रक्त जातंय, हे मात्र घरातल्या घरातसुद्धा कोणी बोलत नाही. त्यात बाई गरोदर असेल तर मुळीच नाही.

गरोदरपणात मोठ्या आतड्याचा कॅन्सर क्वचितच होतो. साधारण १३,००० गरोदरपणांत एक, असं सांगतात. अडचण अशी की त्याची आणि दिवस गेल्याची लक्षणं सारखीच. बद्धकोष्ठ, मळमळ, पोटदुखी, थकवा, अंगात रक्त कमी. रक्त पडलं तर मूळव्याध! त्यामुळे निदानाला उशीर होतो.

माझ्या पुतणीची गोष्ट तिच्या परवानगीने सांगतो. चौथा महिना लागला होता. रक्त पडायचं. सासरची मंडळी म्हणाली, "बाळंतपणानंतर जाईल आपोआप." लोहाच्या गोळ्या चालू, तरी हिमोग्लोबिन खाली. बँकेत भरणा होऊनही खात्यात शिल्लक वाढत नसेल, तर पैसा कुठून जातोय ते आधी शोधतात. तिच्या डॉक्टरबाईंनी तेच केलं. सर्जनकडे पाठवलं. आधी बोटाने तपासणी, मग दुर्बिणीने. तुकडा काढून तपासला, तर कॅन्सर! पसरलाय का ते सोनोग्राफी आणि एमआरआयवर पाहिलं. बाळाला क्ष-किरण नकोत म्हणून सीटी स्कॅन टाळला.

माझ्या भावाचा एकच प्रश्न : "आई की बाळ?" सर्जन म्हणाले, दोघांचाही विचार करूनच ऑपरेशन करायचं. गर्भाशयाला हात न लावता आतड्याचा रोगट भाग आणि आसपासच्या लसिकाग्रंथी काढता येतात. साधारण २० आठवड्यांच्या आत कळलं तर सहसा प्रसूतीची वाट पाहत नाहीत. पहिल्या तीन महिन्यांत गर्भपाताची भीती जास्त, शेवटच्या तीन महिन्यांत वाढलेलं गर्भाशय आड येतं आणि अवेळी कळांची भीती. म्हणून मधले तीन महिने त्यातल्या त्यात बरे. उशिरा कळलं तर बाळ बाहेर जगण्याइतकं वाढेपर्यंत काही आठवडे थांबून आधी प्रसूती, मग ऑपरेशन. पण आतडं अडलं किंवा फुटलं तर महिना मोजत बसत नाहीत. तेव्हा गरज पडल्यास शौचाचा मार्ग काही काळ पोटावर काढतात.

पुतणीचं ऑपरेशन १८व्या आठवड्यात झालं. सर्जन, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ, तिघंही हजर. आधी आणि नंतर बाळाचे ठोके पाहिले. लसिकाग्रंथींत रोग पोचला नव्हता. डॉक्टरांनी केमो नको असं ठरवलं. पूर्ण दिवस भरून मुलगी झाली. आता ती तिसरीत आहे, आणि आईच्या तपासण्या वेळच्या वेळी चालू आहेत.

सगळ्यांचंच इतकं सुरळीत होत नाही. केमो लागली तर पहिले तीन महिने टाळावे लागतात. ओटीपोटावरचे किरणोपचार तर गरोदरपणात देतच नाहीत. म्हणून वेळेत कळण्याला एवढं महत्त्व.

माझी विनंती एवढीच. भगिनींनो, रक्त पडत असेल तर लाजू नका, डॉक्टरांना सांगा. मूळव्याध वाटली तरी तपासून घ्या. आईवडील किंवा भावंडांपैकी कोणाला आतड्याचा कॅन्सर झाला असेल तर ते पहिल्याच भेटीत सांगा. आणि आम्हा सासू-सासऱ्यांनी, नवऱ्यांनी "गरोदरपणात असं व्हायचंच" हे पालुपद बंद करावं. बहुतेक वेळा मूळव्याधच निघेल. निघाली तर पेढे वाटा, मी नक्की येईन!